शोधनिबंधाचे इंग्रजी यंत्राकडून तपासून घेताना

गोव्यातील सरकारी प्राथमिक शाळांत मुख्यत्वे मराठीतून किंवा कोकणीतून शिकवले जाते आणि पाचवीनंतर बहुतेक विद्यार्थ्यांचे माध्यम इंग्रजी होते. याच वाटेने पुढे गेलेली मुले ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात, दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, वास्कोतील हेडलँड सडा येथील ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात संशोधन करू लागतात. तेथे नमुने गोळा करताना, बोटीवर किंवा वॉर्डात एकमेकांशी बोलताना कोकणी, मराठी, हिंदी अशा सगळ्या भाषा चालतात. निष्कर्ष मात्र इंग्रजीतच लिहावे लागतात, कारण ज्या नियतकालिकांत ते छापून यायचे ती जवळजवळ सगळी इंग्रजीत आहेत. काम चांगले असूनही भाषेपायी निबंध परत येण्याचा अनुभव अशा संशोधकांना नवा नसतो.

हे ओझे किती आहे याची मोजणीही झाली आहे. तात्सुया अमानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८ देशांतील ९०८ पर्यावरणशास्त्रज्ञांची पाहणी करून २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा नवोदित संशोधकांना इंग्रजी शोधनिबंध लिहिण्यास इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांपर्यंत अधिक वेळ लागतो, भाषेच्या कारणावरून त्यांचे निबंध सुमारे अडीचपट अधिक वेळा नाकारले जातात आणि 'इंग्रजी सुधारा' हा शेरा त्यांना साडेबारापट अधिक वेळा मिळतो, असे त्यात आढळले. म्हणून भाषा सुधारण्यासाठी साधन वापरणे ही लबाडी आहे असे जे काही ज्येष्ठ मंडळी मानतात, ते मला पटत नाही. ज्यांच्याकडे पैसा होता ते व्यावसायिक संपादकांकडून निबंध तपासून घेतच होते. तीच मदत आता पणजीच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थिनीलाही मिळू लागली असेल, तर ते चांगलेच आहे. प्रश्न एवढाच आहे की हे साधन नेमके काय करते हे ती वापरण्यापूर्वी जाणते का.

'कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे साधन' या एकाच नावाखाली आज दोन वेगळ्या प्रकारची कामे चालतात आणि त्यांची गल्लत झाली की पुढचा सगळा घोटाळा होतो. पहिल्या प्रकारचे साधन तुमचे वाक्य जागच्या जागी ठेवून त्यातील चुका दाखवते: येथे क्रियापद अनेकवचनी हवे, येथे स्वल्पविराम हवा, येथे अमुक शब्द अधिक रूढ आहे. २००९ मध्ये सुरू झालेले ग्रामर्ली मूलतः या प्रकारचे. शास्त्रीय लेखनासाठी खास बनवलेली पेपरपाल आणि ट्रिंका ही साधने मुंबईतून काम सुरू केलेल्या कंपन्यांची आहेत, आणि राइटफुलही याच कामासाठी वापरले जाते. येथे प्रत्येक दुरुस्ती वेगळी दिसते, ती स्वीकारायची की नाकारायची हे लेखक ठरवतो. दुसऱ्या प्रकारात चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांसारखी संवादी साधने येतात. त्यांना परिच्छेद देऊन 'याचे इंग्रजी सुधारून दे' असे सांगितले की ती दुरुस्त केलेला परिच्छेद परत देतात. अलीकडे पहिल्या प्रकारच्या साधनांतही 'पुन्हा लिहा' असे बटण आले आहे, त्यामुळे सीमारेषा पुसट होत चालली आहे. फरक मात्र तेवढाच महत्त्वाचा राहिला आहे.

तो फरक समजण्यासाठी भाषा मॉडेल कसे चालते हे थोडे पाहावे लागते. आजच्या बहुतेक मॉडेलांची रचना गूगलमधील संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या ट्रान्सफॉर्मर या पद्धतीवर उभी आहे. प्रचंड मजकूर वाचून ते मॉडेल एकच गोष्ट शिकते: आतापर्यंतचे शब्द पाहता यापुढे कोणता शब्द किंवा शब्दाचा तुकडा येण्याची शक्यता किती. या एका कौशल्यातून व्याकरण, शैली, अनेक विषयांची माहिती असे बरेच काही त्याच्या अंगी येते, आणि ते खरोखरच थक्क करणारे आहे. पण जेव्हा आपण त्याला परिच्छेद सुधारायला सांगतो, तेव्हा ते आपल्या वाक्यावर लाल शाईने खुणा करत नसते; ते आपला परिच्छेद समोर ठेवून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत नवा परिच्छेद लिहीत असते. आपले जे शब्द त्यात तसेच राहिलेले दिसतात, तेही त्याने पुन्हा निवडलेले असतात. म्हणूनच जेथे हात लावायला सांगितलेला नाही तेथेही बदल होऊ शकतो, आणि तोच परिच्छेद दुसऱ्यांदा दिला तर उत्तर थोडे वेगळे येऊ शकते.

जेथे इंग्रजीचा नियम ठाम आहे तेथे ही साधने उत्तम काम करतात. मराठीत आणि कोकणीत इंग्रजीसारखी 'अ', 'ॲन', 'द' ही उपपदे नाहीत, त्यामुळे आपल्याकडील लेखनात ती सर्रास गळतात किंवा नको तेथे पडतात. आपले क्रियापद शेवटी येते, 'जे… ते…' अशी जोडवाक्ये आपण सहज लांबवतो, आणि तीच सवय इंग्रजीत उतरली की कर्ता एका टोकाला व क्रियापद दुसऱ्या टोकाला राहते. अशा वाक्याचे तीन सरळ भाग करणे, शब्दयोगी प्रत्ययांच्या सवयीने चुकलेली प्रीपोझिशने सुधारणे, एकाच परिच्छेदात डुलणारा काळ एकसारखा करणे, हे काम यंत्र सेकंदात करते आणि बहुधा बरोबर करते. तरीही उपपदासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या जागीही सावध राहावे लागते. इंग्रजीत 'फ्यू सॅम्पल्स' म्हणजे जवळजवळ नाहीच इतके कमी नमुने आणि 'अ फ्यू सॅम्पल्स' म्हणजे काही थोडे नमुने; यांपैकी कोणते तुमच्या बाबतीत खरे आहे हे व्याकरणातून कळत नाही, ते तुमच्या नोंदवहीतून कळते, आणि नोंदवही यंत्राने पाहिलेली नसते.

खरा धोका याच ठिकाणी सुरू होतो, म्हणून येथे थोडे थांबतो. समजा एका विद्यार्थिनीने खाजन शेतीतील (खाडीलगत बांध घालून राखलेल्या सखल जमिनीतील) कोरगुट या क्षार सोसणाऱ्या भातावर काम केले आहे. मांडवीच्या खाडीलगतच्या चार शेतांत तिने एका हंगामात मातीची क्षारता आणि भाताचे उत्पन्न मोजले. तिने अडखळत्या इंग्रजीत जे लिहिले त्याचा अर्थ असा: 'अभ्यासलेल्या चार शेतांपैकी जेथे क्षारता अधिक होती, तेथे कोरगुटचे उत्पन्न कमी आढळले.' साधनाने ते सुधारून जे सुबक वाक्य दिले, त्याचा अर्थ असा झाला: 'क्षारतेमुळे कोरगुटचे उत्पन्न लक्षणीयरीत्या घटते.' वाचायला दुसरे वाक्य नेटके आहे, लहान आहे, आणि परीक्षकाला आवडेल असे आहे. पण त्यात चार गोष्टी बदलल्या. 'चार शेते' ही मर्यादा गेली. दोन गोष्टी एकत्र आढळल्या याऐवजी एकीमुळे दुसरी घडते असा कार्यकारणभाव आला, जो सिद्ध करण्यासाठी वेगळ्या प्रकारचा प्रयोग लागतो. भूतकाळातील निरीक्षणाचे वर्तमानकाळातील सर्वसाधारण नियमात रूपांतर झाले. आणि 'सिग्निफिकंटली' हा शब्द आला, ज्याला शास्त्रीय लेखनात सांख्यिकीय चाचणीचा नेमका अर्थ आहे. चाचणी केलीच नसेल तर तो शब्द खोटा ठरतो. यांतील एकही बदल व्याकरणाचा नव्हता. विद्यार्थिनीचा दावा बदलला, आणि नाव तिचेच राहिले.

असे का होते याचे उत्तर मॉडेलच्या घडणीतच आहे. इंग्रजीत ठाम, आटोपशीर वाक्ये अधिक वाचली जातात, अधिक लिहिली जातात, आणि मॉडेल जे वारंवार पाहते त्याकडे झुकते. 'मे', 'माइट', 'अपिअर्स टू', 'अंडर दीज कंडिशन्स' हे शब्द त्याच्या दृष्टीने वाक्य जड करणारे असू शकतात. 'संक्षिप्त कर' असे सांगितले की पहिला बळी बहुधा त्यांचाच जातो. शास्त्रज्ञासाठी मात्र तेच शब्द सर्वांत मौल्यवान असतात, कारण आपल्याला किती माहीत आहे आणि किती नाही हे त्यांतूनच सांगितले जाते. संपादन केलेला मजकूर हाती आल्यावर मी सर्वप्रथम मूळ मसुद्यातील असे शक्यतादर्शक शब्द एकेक करून शोधतो आणि ते नव्या मजकुरात शिल्लक आहेत का ते पाहतो. हे कंटाळवाणे आहे, पण मजकूर बिघडला असेल तर तो बहुधा येथेच सापडतो.

दुसरी खोड पारिभाषिक शब्दांची. शाळेत आपल्याला सांगितलेले असते की एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये, आणि मॉडेलनेही ललित व पत्रकारी इंग्रजीतून तोच संस्कार घेतलेला असतो. शास्त्रीय लेखनाचा नियम याच्या उलट आहे: एका वस्तूला अथपासून इतिपर्यंत एकच नाव. नैऋत्य मान्सूनच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत खोल पाणी वर येते आणि उथळ समुद्रात तळाजवळचा प्राणवायू फार कमी होतो. दोनापावलाच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी या विषयावर जगाने दखल घ्यावी असे काम केले आहे. त्या विषयात 'हायपॉक्सिया' म्हणजे प्राणवायू कमी असणे आणि 'अनॉक्सिया' म्हणजे तो मुळीच नसणे. पुनरुक्ती टाळण्यासाठी एका जागी दुसरा शब्द बसवला तर समुद्राची स्थितीच बदलते. वैद्यकातही असेच. सत्तरी तालुक्यातील माकडतापावर लिहिताना 'इन्सिडन्स' म्हणजे ठरावीक काळात नव्याने झालेल्या रुग्णांचे प्रमाण आणि 'प्रिव्हॅलन्स' म्हणजे त्या वेळी असलेल्या एकूण रुग्णांचे प्रमाण. हे शब्द एकमेकांना पर्याय नाहीत. आपल्या मातीतले शब्द तर यंत्राला आणखी परके. भरती-ओहोटीचे पाणी अडवणारे खाजनाचे दार, म्हणजे 'मानस', रोमन लिपीत लिहिले की काही साधने त्याखाली लाल रेघ ओढतात किंवा जवळचा दिसणारा इंग्रजी शब्द सुचवतात. अशा शब्दांची यादी करून ती साधनाला आधीच देणे, आणि तरीही शेवटी शोध-सुविधेने प्रत्येक शब्द तपासणे, हाच उपाय आहे.

आकडे आणि चिन्हे यांबाबतही एक साधी गोष्ट सांगतो, कारण ती अनेकांच्या लक्षात येत नाही. मसुदा एका खिडकीतून उचलून दुसऱ्या खिडकीत चिकटवताना मजकुराची मांडणी गळून पडू शकते. पाण्यातील जिवाणूंची संख्या लिहिताना दहाचा सहावा घात, म्हणजे दहा लाख, असे लिहिलेले असेल आणि घाताचा आकडा खाली उतरला, तर यंत्रापुढे 'एकशे सहा' एवढेच जाते, आणि यंत्र त्याच आकड्याभोवती निर्दोष वाक्य रचून देते. बांगड्याचे किंवा तारलीचे शास्त्रीय नाव तिरप्या ठशात असते, तेही सरळ होऊन येते. उणे चिन्ह, एकके, दशांशस्थळे हे सारे संपादनानंतर मूळ तक्त्याशी ताडून पाहावे.

संदर्भसूची या साधनांकडून मुळीच करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 'या विधानाला आधार दे' असे सांगितले की मॉडेल खऱ्या वाटणाऱ्या लेखकांची, खऱ्या नियतकालिकाची, पण कधीच न छापलेल्या निबंधाची नोंद देऊ शकते. नुसते इंग्रजी सुधारतानाही एखादा संदर्भ परिच्छेदाच्या एका वाक्यावरून उचलून दुसऱ्या वाक्याला जोडला जातो, आणि मग ज्या शास्त्रज्ञाने जे म्हटले नाही ते त्याच्या नावावर जाते.

संपादनाने मजकूर दूरवर पोहोचतो आणि त्याच वेळी बदलतो, हा अनुभव गोव्याने फार पूर्वी घेतला आहे. गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा भारतीय औषधी वनस्पतींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात पोर्तुगीज भाषेत छापला गेला. युरोपातील विद्वानांची भाषा तेव्हा लॅटिन होती. कारोलुस क्लुसियुस यांनी १५६७ मध्ये त्याचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला आणि त्यामुळेच तो ग्रंथ युरोपभर वाचला गेला. पण त्या संक्षेपात संवादाची रचना गेली, आणि तिच्याबरोबर दोन पात्रांच्या प्रश्नोत्तरांतून चालणारी मूळ चर्चाही गेली. क्लुसियुस स्वतः निष्णात वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि काय गाळतो आहोत हे त्यांना ठाऊक होते. आजच्या साधनाला ते ठाऊक नसते.

यंत्राने शब्द बदलण्याचा अतिरेक कोठे जातो हे २०२१ मध्ये गियोम कबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह यांनी दाखवून दिले. प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यांना विचित्र शब्दप्रयोग सापडले: 'ब्रेस्ट कॅन्सर'च्या जागी 'बुझम पेरिल', 'बिग डेटा'च्या जागी 'कलॉसल इन्फर्मेशन', 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस'. दुसऱ्यांचा मजकूर उचलून तो ओळखू येऊ नये म्हणून शब्द फिरवणाऱ्या साधनांतून काढला की असे होते. आपल्याकडे याचा एक वेगळा मोह आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील इतरत्र आढळणाऱ्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही आणि त्यापुढे टप्प्याटप्प्याने दंड वाढतो. त्यामुळे साम्याचा आकडा खाली आणण्यासाठी परिच्छेद यंत्रातून फिरवून घेण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो. आकडा खाली येतोही; पण ज्या कल्पनेचे श्रेय दुसऱ्याला द्यायचे होते ते न देणे हे वाङ्मयचौर्यच राहते, आणि वर शब्दांचा अर्थ बिघडतो तो वेगळाच. पद्धतीचे वर्णन आधीच्या निबंधातील वर्णनाशी जुळत असेल तर ते संदर्भासह तसेच सांगणे अधिक प्रामाणिक आहे.

साधनाला काय सांगावे याबाबत लोक फार गूढ सूत्रे सांगतात. मला त्यांची गरज वाटत नाही. एका वेळी एकच परिच्छेद द्यावा. व्याकरण, शब्दलेखन आणि विरामचिन्हे एवढेच सुधार, अर्थ बदलू नकोस, आकडे, एकके, संदर्भ, दिलेल्या यादीतील संज्ञा आणि शक्यता दाखवणारे शब्द यांना हात लावू नकोस, असे स्पष्ट सांगावे. त्यापुढे आणखी एक वाक्य जोडावे, ज्याचा मला सर्वाधिक उपयोग होतो: जेथे वाक्याचे दोन अर्थ निघतात तेथे स्वतः निवड न करता मला प्रश्न विचार. मग साधन विचारते की 'हे घटले' यात 'हे' म्हणजे क्षारता की उत्पन्न, आणि आपल्याला कळते की संदिग्धता भाषेत नव्हती, आपल्याच मांडणीत होती. केलेल्या बदलांची यादी मागता येते, पण त्या यादीवर विसंबू नये, कारण यादीही त्याच पद्धतीने लिहिली जाते आणि तिच्यात काही बदल राहून जातात. वर्डमध्ये दोन प्रती ताडून पाहण्याची सोय आहे; लाटेकमध्ये लिहिणाऱ्यांसाठी लाटेकडिफ आहे. जुनी आणि नवी प्रत त्यातून काढून प्रत्येक रंगीत खुणेपुढे स्वतःला विचारावे: इंग्रजी बदलले की विधान?

मसुदा साधनाला देण्यापूर्वीच आणखी एक प्रश्न उभा राहतो. तो मजकूर कोठे जातो? अनेक मोफत सेवांत तुमचे संभाषण पुढील मॉडेल शिकवण्यासाठी वापरले जाऊ शकते, आणि ते बंद करण्याची सोय असली तरी ती शोधून वापरावी लागते. अप्रकाशित निष्कर्षांबाबत सहलेखकांची संमती आधी घ्यावी. रुग्णाची ओळख पटेल असा कोणताही तपशील, मग तो गावाचे नाव, वय आणि दुर्मीळ आजार यांच्या जोडीतून का पटेना, अशा सेवेत जाता कामा नये. गोव्यासारख्या लहान राज्यात तर तालुका आणि आजार एवढ्यावरूनही माणूस ओळखता येतो. दुसऱ्याचा निबंध परीक्षणासाठी आलेला असेल तर तो कधीच साधनात टाकू नये, कारण तो गोपनीय असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जून २०२३ मध्ये आपल्या अनुदान-प्रस्तावांच्या परीक्षकांना अशा साधनांचा वापर स्पष्टपणे मना केला. लँग्वेजटूलसारखी मुक्त स्रोत साधने आणि काही मुक्त भाषा मॉडेले स्वतःच्या संगणकावर चालवता येतात, आणि गोपनीय कामासाठी संस्थांनी आपल्या संगणककक्षात ती सोय करून द्यावी, असे मला मनापासून वाटते.

साधन वापरल्याचे सांगावे का, याचे उत्तर आता बरेचसे ठरलेले आहे. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी खुले झाले आणि काही आठवड्यांतच ते सहलेखक म्हणून दाखवलेले निबंध दिसू लागले. जानेवारी २०२३ मध्ये 'नेचर'ने यंत्राला लेखक मानणार नाही असे जाहीर केले. प्रकाशनातील नीतीविषयक समिती, जिला सगळे कोप म्हणतात, तिने फेब्रुवारीत आणि वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने मे महिन्यात तीच भूमिका घेतली. कारण सरळ आहे: लेखक म्हणजे जो मजकुराची जबाबदारी घेऊ शकतो, चूक निघाल्यास उत्तर देऊ शकतो, आणि यंत्र ते करू शकत नाही. 'सायन्स'ने प्रथम यंत्राने लिहिलेला मजकूर पूर्णपणे मना केला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याने वापर उघड करण्याच्या अटीवर सवलत दिली. नुसत्या व्याकरणदुरुस्तीबाबत प्रकाशकांचे नियम सौम्य आहेत. स्प्रिंगर नेचर भाषिक संपादनापुरता वापर जाहीर करण्याची सक्ती करत नाही. एल्सेव्हिअर साधे व्याकरणतपासनीस वगळते, पण लेखनात जनरेटिव्ह, म्हणजे स्वतः मजकूर रचून देणारे, साधन वापरले असल्यास वेगळे निवेदन मागते. हे नियम बदलत राहतात, म्हणून निबंध पाठवताना त्या त्या नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचना वाचाव्यात. शंका असेल तेथे सांगून टाकावे: अमुक साधन इंग्रजी सुधारण्यासाठी वापरले, त्यानंतर सर्व मजकूर लेखकांनी तपासला आणि त्याची पूर्ण जबाबदारी लेखकांची आहे. एवढ्या दोन ओळींनी कोणाचे काम कमी ठरत नाही.

न तपासता पाठवले तर काय होते याची उदाहरणे जगापुढे आहेत. २०२४ मध्ये एका मोठ्या प्रकाशकाच्या नियतकालिकात छापलेल्या निबंधाची प्रस्तावनाच 'घ्या, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना' अशा अर्थाच्या वाक्याने सुरू झाली होती. ते वाक्य लेखक, परीक्षक, संपादक यांपैकी कोणाच्याही नजरेतून अडले नाही. यापेक्षा सौम्य खूण शब्दांच्या वापरात दिसते. दीड कोटींहून अधिक वैद्यकीय-जैविक गोषवाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना 'डेल्व्ह'सारख्या शब्दांचे प्रमाण अचानक वाढलेले आढळले, आणि त्यावरून २०२४ मधील किमान १३.५ टक्के गोषवारे भाषा मॉडेलच्या मदतीने लिहिले गेले असावेत असा अंदाज त्यांनी मांडला. यात गैर काही नाही. पण सगळ्यांचे गोषवारे एकाच सुरात बोलू लागले तर वाचकाचे नुकसानच आहे.

उलट बाजूची एक अन्याय्य गोष्टही सांगायला हवी. मजकूर यंत्राने लिहिला आहे की माणसाने हे ओळखण्याचा दावा करणारी साधने आता महाविद्यालयांतही वापरली जातात. २०२३ च्या एका अभ्यासात अशा सात साधनांना इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ इंग्रजी निबंध दिले गेले, तेव्हा त्यांनी सरासरी ६० टक्क्यांहून अधिक निबंध यंत्राचे ठरवले. मर्यादित शब्दसंग्रह आणि साधी वाक्यरचना या साधनांना यंत्राची लक्षणे वाटतात. म्हणजे ज्यांना इंग्रजी कष्टाने येते त्यांच्यावरच संशय अधिक येतो. ओपनएआयने स्वतःचे असे साधन पुरेशा अचूकतेअभावी जुलै २०२३ मध्ये बंद केले. अशा आकड्यावरून एखाद्या विद्यार्थ्यावर ठपका ठेवणे कोणत्याही मार्गदर्शकाला शोभणार नाही. विद्यार्थ्यानेही मसुद्याच्या तारीखवार प्रती, पहिल्या अडखळत्या प्रतीसह, जपून ठेवाव्यात. शंका घेतली गेल्यास त्याच त्याच्या बाजूने बोलतात, आणि इंग्रजी कसे सुधारत गेले हे त्याला स्वतःलाही त्यांतूनच दिसते.

हेच साधन उलट्या दिशेनेही वापरता येते, आणि गोव्यात ते व्हावे अशी माझी इच्छा आहे. काही नियतकालिके आता इंग्रजीबरोबर दुसऱ्या भाषेतील गोषवारा स्वीकारतात. खाजनावरील निबंधाचा सारांश मराठीत किंवा कोकणीत लिहिला तर तो शेतकऱ्यांच्या संस्थेला, पंचायतीला आणि मत्स्यव्यावसायिकांना वाचता येईल. त्यासाठी यंत्राकडून पहिला मसुदा घेण्यास हरकत नाही, मात्र येथे तपासणी दुप्पट कडक हवी. मॉडेलने इंग्रजी जितके वाचले आहे त्याच्या तुलनेत मराठी फार थोडी आणि कोकणी त्याहूनही कमी वाचली आहे, त्यामुळे त्याच्या मराठीत इंग्रजी वाक्यांची घडण उघडी पडते आणि शेतीचे शब्द पुस्तकी होतात. तो मसुदा प्रयोगशाळेतील सहकाऱ्याला दाखवून पुरत नाही; ज्यांच्या शेतांत मोजमाप केले त्यांच्यापैकी एखाद्याला वाचून दाखवावा, आणि बांध, मानस यांविषयी ते जे शब्द सुचवतील ते पुढच्या इंग्रजी निबंधाच्या संज्ञांच्या यादीतही घालावेत.